चोराची यादी

रविवार, ३ मार्च

ही वही दुकानातून विकत आणली. कारखान्यात वह्या आमच्याच भांडारात असतात, पण अठरा वर्षांत तिथली टाचणीही मी घरी आणलेली नाही. पंपांचे सुटे भाग सांभाळायचं माझं काम आहे. एक वॉशर इकडचा तिकडे झाला तर मला अन्न गोड लागत नाही. आजपासून घराचंही तसंच करायचं ठरवलं आहे, म्हणून ही नोंद.

कारण असं, की शुक्रवारी भरदुपारी समोरच्या दंतवैद्यांकडे चोरी झाली. त्यांच्या आणि आमच्या दारात सहा पावलांचं अंतर आहे. कडी कापली, कपाटं उचकली, चांदीच्या काही वस्तू आणि एक कॅमेरा नेला. पोलिसांच्या पाठोपाठ मीही आत जाऊन पाहून आलो. पलंगावर कपड्यांचा ढीग, आणि त्या ढिगाशेजारी दंतवैद्य बसलेले, स्वतःचाच दात कुणी उपटल्यासारखं तोंड करून. पोलिसाने विचारलं, नेमकं काय काय गेलं? नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. घरात काय होतं तेच धड माहीत नाही, तर काय गेलं हे कसं सांगणार? मला त्यांची कीव आली.

घरी येऊन हिला आणि बटणला समोर बसवलं. बटण म्हणजे आमची लेक, आठ वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून ते नाव पडलं ते पडलंच. मी सांगितलं की घरातल्या प्रत्येक वस्तूवर आता नंबर पडेल आणि दर रविवारी मोजणी होईल. बटणने टाळ्या वाजवल्या. ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा तिला पटलेलं असतं, हे मी दहा वर्षांत शिकलो आहे.

मंगळवार, ५ मार्च

कुलूपवाला येऊन गेला. हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. दाराला वर, मध्ये आणि खाली अशी तीन कुलपं, आतून साखळी, खिडक्यांना जाळ्या. भोक पाडता पाडता विचारतो, साहेब, आत ठेवलंय तरी काय एवढं? मी म्हणालो, बायको आणि मुलगी. त्याला ते फार आवडलं. मग म्हणाला, म्हणजे चाव्यांचे दोन संच तरी लागतीलच, बाईंना एक. मी एकच घेतला. एका चावीचा माग ठेवता येतो, दोन झाल्या की एकमेकांवर ढकलणं सुरू होतं.

ही विचारत होती, मधेच काही आणायला खाली जायचं झालं तर काय करायचं. मी तिला यादी लिहून ठेवायला सांगितलं. येताना मी आणत जाईन. तिची पायपीटही वाचेल.

शनिवार, ९ मार्च

दंतवैद्यांच्या चोरीचा विचार करता करता लक्षात आलं की चोर आधी फोन करून बघत असणार, घरात कोण असतं, कधी असतं. हिच्या मोबाइलवर दिवसाला दोन-तीन फोन येतात. बहुतेक तिच्या भावाचेच, पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हे. आज मोबाइल मागून घेतला आणि माझ्या कपाटात ठेवला. देताना हिने उगीच ओढाताण केली, त्यात मनगट दाराच्या कडेवर आपटलं. बर्फ मीच लावला. बटण कोपऱ्यात उभी होती. तिला सांगितलं की आईचा तोल गेला. ती म्हणाली, परत? मुलांना मागचं सगळं लक्षात राहतं.

रविवार, १० मार्च

पहिली मोजणी. सकाळी नऊला बसलो, तीनला उठलो. लाल रंग आणि बारीक कुंचला घेऊन मी नंबर घालत गेलो, बटण वस्तू आणून देत होती, ही प्रत्येक वस्तूचं कार्ड लिहीत होती. भांडारात प्रत्येक खणाला असंच कार्ड असतं, काय आलं, काय गेलं, कधी, कुणी नेलं. एकूण सहाशे चौदा वस्तू. चमचे, चादरी, आरसा, बटणचा कापडी ससा, कपाटातली कागदपत्रं, सगळं. हिने मधेच विचारलं, माझ्यावर नंबर कुठे घालणार? मी मनापासून हसलो. बऱ्याच दिवसांनी हिने विनोद केला.

संध्याकाळी तिघांनी मोजणीच्या पत्रकावर सह्या केल्या. बटणची सही म्हणजे एक फूल आणि त्याला दोन डोळे.

रविवार, १७ मार्च

मला दरदरून घाम आला आहे. सहाशे अकरा.

तीनदा मोजलं. गेलेल्या वस्तू अशा: ३०४, बटणचा निळा स्वेटर. ५९०, बटणचं लसीकरणाचं कार्ड. २१२, हिच्या जादा चष्म्याचं घर, चष्म्यासकट. कुलपं जागच्या जागी. जाळ्यांना ओरखडा नाही. म्हणजे बाहेरून कुणी आलेलं नाही. घरात रोज येणारं बाहेरचं माणूस एकच, धुण्याभांड्याच्या मावशी. सकाळी सातला येतात, पावणेआठला जातात, खांद्याला पिशवी.

हिला म्हणालो, बघ, सहा वर्षं आपण या बाईला घरातलं समजत होतो. हिचा चेहरा पांढरा पडला. साधी आहे ती, तिला असले धक्के सोसत नाहीत.

सोमवार, १८ मार्च

मावशी निघाल्या तेव्हा मी जिन्यात उभा होतो. पिशवी उलटी करायला सांगितली. त्या हिच्याकडे बघू लागल्या. मी म्हणालो, तिकडे नको, इकडे बघा. पिशवीतून कंगवा, गोळ्यांची पट्टी, हातरुमाल आणि एका कापडात गुंडाळलेलं चष्म्याचं घर निघालं. लाल अक्षरांत २१२.

ही पुढे आली आणि म्हणाली की तुटलेला चष्मा होता, मीच टाकून द्यायला दिला होता. चष्मा कुठे तुटला होता? मी डोळ्यांना लावून दाखवला. मग मावशीच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही मधे पडू नका. मी चोरला, साहेब. मला विकायचा होता."

इतक्या सरळ कबूल करतील असं वाटलं नव्हतं. स्वेटर आणि कार्डाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, तेही मीच. लसीकरणाचं कार्ड कुणाला विकणार होत्या, हे मात्र त्यांना सांगता येईना. मी कागदावर कबुली लिहून घेतली, खाली अंगठा घेतला. त्यांना सही येते, पण अंगठा जास्त पक्का. तो कागद खाली जिन्याजवळच्या फळ्यावर लावला, आणि शेजारी माझ्या अक्षरात लिहिलं की या बाईला कुणी कामावर ठेवू नये. या इमारतीत त्यांची आणखी चार घरं होती. संध्याकाळपर्यंत चारही सुटली.

पोलिसांत दिलं नाही. सहा वर्षांचा संबंध आहे, एवढी माणुसकी ठेवली.

ही दिवसभर भांडी घासत होती. तीच तीच.

रविवार, २४ मार्च

सहाशे सात.

चष्मा परत आला तो धरूनही पाच वस्तू कमी. बटणचे दोन फ्रॉक. बटणच्या दम्याच्या औषधाचा जादा पंप. बटणचा जन्मदाखला. आणि हिचं ते जुनं प्रमाणपत्र, लग्नाआधी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत होती तेव्हाचं. आता मला सांगा, दहा वर्षांपूर्वीचं रक्ततपासणीचं प्रमाणपत्र नेऊन चोर काय करणार आहे? कुणाचं रक्त तपासणार आहे?

मावशी आठवड्याभरात पायरी चढलेल्या नाहीत. म्हणजे त्यांचा साथीदार आहे आणि तो मी कामावर असताना येतो. हिला विचारलं, दिवसा दार कुणासाठी उघडतेस का? म्हणाली, कुणासाठीच नाही. मग झोप लागते का दुपारची? म्हणाली, लागते कधीतरी. बस. तेवढा वेळ त्याला पुरतो.

उद्यापासून मी निघताना तिन्ही कुलपं बाहेरून लावणार. बटण सकाळी साडेसातला दंतवैद्यांच्या बायकोबरोबर शाळेला जाते आणि मी येईपर्यंत त्यांच्याकडेच खेळते. त्यांचा मुलगा तिच्याच वर्गात आहे. हे बरं आहे. फार परोपकारी बाई.

बुधवार, २७ मार्च

जिन्यात दंतवैद्य भेटले. म्हणाले, तुमच्या दाराला बाहेरून कुलूप दिसतं आणि आतून भांड्यांचा आवाज येतो. मी म्हणालो, हो, आमची ही आत असते. ते म्हणाले, "आणि आग लागली तर?"

मी सांगितलं की आग चोरासारखी गुपचूप येत नाही, आधी धूर होतो. ते माझ्याकडे नुसतेच बघत राहिले, पेशंटच्या तोंडात बघावं तसे. ज्या माणसाला स्वतःची कडी सांभाळता आली नाही, त्याने मला शिकवावं?

रविवार, ३१ मार्च

सहाशे चार. स्वेटर गेलाच होता, आता लोकरीचे मोजे, शाळेची प्रगतिपुस्तिका आणि कापडी ससा.

ससा गेला म्हटल्यावर बटण आकांत करेल असं वाटलं होतं. तिला तो कुशीत लागतो. पण ती शांतपणे म्हणाली, असू दे बाबा, तो आधी गेला असेल. कुठे, विचारलं, तर आईकडे बघून गप्प झाली. मोठी होते आहे.

एक बातमी अशी की दंतवैद्यांचे चोर पकडले गेले. दुसऱ्या वस्तीतले दोघे भाऊ, कॅमेऱ्यासकट सापडले. पोलीस सांगून गेले की आता काळजीचं कारण नाही. मी त्यांच्यासमोर माझी कार्डं ठेवली. हवालदाराने दोन-चार चाळली आणि विचारलं, घरात चांदी आहे ना, रोकड आहे ना, ती गेली का? नाही. मग साहेब, हा चोर नाही, तुमचं घर आवरायला हवं. असं म्हणून हसत गेला.

ते चोर दंतवैद्यांचे होते. आमचा वेगळा आहे.

रात्रीच्या जेवणाला हिने आपण होऊन माझ्या कामाची चौकशी केली. वार्षिक मोजणी यंदा किती तारखेला? मी म्हणालो, सत्तावीस एप्रिल, शनिवार. त्या दिवशी सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत भांडाराबाहेर पाऊल टाकता येत नाही ना, असंही तिने विचारलं. सगळं लक्षात आहे तिच्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, हिला माझ्या कामाची कदर आहे.

शुक्रवार, ५ एप्रिल

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. टेम्पो चालवतो, बोलणं टेम्पोसारखंच, खडखड जास्त. मी नुकताच कामावरून आलो होतो, साखळी लावूनच बोललो. म्हणाला, भाऊजी, ताईचा फोन महिनाभर बंद आहे, म्हणून बघायला आलो. मी सांगितलं की फोन सुरक्षेसाठी बंद आहे, ताई बरी आहे. त्याला तिच्याशी बोलायचं होतं. ही माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी बरी आहे, तू जा. आणि मग, "ठरल्या दिवशी काम उरकून घे तुझं."

कसलं काम, मी विचारलं. म्हणाली, तो घर बदलतोय, सामान हलवायचं आहे. मला ते पटलं. तरी तो गेल्यावर बराच वेळ मी दारातल्या भोकातून बघत होतो. एक विचार आला होता. तो इथे लिहीत नाही. आला तसा गेला.

रविवार, ७ एप्रिल

पाचशे नव्व्याण्णव. आज मात्र मी डोकं चालवलं.

भांडारात एखादा माल सतत कमी पडू लागला की आम्ही चोराच्या मागे धावत नाही. गेलेल्या मालाची कार्डं वेगळी काढून टेबलावर मांडतो. गेलेला मालच सांगतो कुणाला, कशासाठी हवा होता. बेअरिंग, सील आणि अमुक मापाचा दांडा गेला असेल, तर कुठेतरी कुणीतरी आमचा तीन नंबरचा पंप जुळवतो आहे.

आज घरच्या गेलेल्या वस्तूंची कार्डं तशीच मांडली. आजच्या पाच धरून पंधरा. एक हिचं प्रमाणपत्र. एक हिची जाड चादर. बाकी तेरा बटणची. कपडे, औषध, दाखले, प्रगतिपुस्तिका, रंगपेटी, ससा. मी ती कार्डं बघत राहिलो आणि अंगावर सरसरून काटा आला. हा कुणी मिळेल ते उचलत नाही. हा एक एक करून आठ वर्षांच्या मुलीचं सगळं सामान जुळवतो आहे. थंडीचं, आजारपणाचं, शाळेत घालायचं. त्याच्याकडे आता सगळं आहे. फक्त मुलगी नाही.

त्याचा डोळा वस्तूंवर नाहीच. बटणवर आहे.

हिला सांगितलं नाही. घाबरून काहीतरी करून बसेल.

शुक्रवार, १२ एप्रिल

बटणचं दप्तर हाताला जड लागलं म्हणून काट्यावर घातलं. सहा किलो चारशे. एवढ्याशा जिवाला एवढं ओझं? शाळेला पत्र लिहिलं आहे, सविस्तर.

मंगळवार, १६ एप्रिल

रजा टाकून एक निवासी शाळा बघून आलो. गावाचं नाव इथेही लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. चार तासांचा रस्ता. उंच भिंत, एकच फाटक, फाटकावर नोंदवही. मला पाहताक्षणी पसंत पडली. नवं सत्र सुरू होतं आहे, जागा आहे. जन्मदाखला चोरीला गेला असल्याने नगरपालिकेतून नक्कल काढून घेतली होतीच.

अर्जात एक रकाना होता, मुलीला भेटायला किंवा न्यायला कोण कोण येऊ शकेल. मी स्वतःचं नाव लिहिलं. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, आईचं राहिलं. मी म्हणालो, राहू द्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी समजावून सांगितलं की आमच्याकडे प्रसंग तसा आहे, जितक्या कमी लोकांना ठावठिकाणा कळेल तितकं बरं. आई साधी आहे, कुणीही तिच्याकडून काढून घेईल. त्यांनी रकान्यावर एक रेघ मारली.

रविवार, २१ एप्रिल

पाचशे अठ्ठ्याण्णव. हिची एक चप्पल-जोडी. आता जे जायचं ते जाऊ दे.

आजचा दिवस फार चांगला गेला. ही कामं करता करता गुणगुणत होती. मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. बटणचे केस धुतले, नखं कापली, दोघी खिडकीच्या जाळीशी बसून काहीतरी बोटांवर मोजत होत्या. मी गेल्यावर थांबल्या. मी विचारलं, काय मोजताय? बटण म्हणाली, दिवस. कशाचे, तर सुट्टीचे.

मनात आलं, हे सगळं असंच राहिलं तर कशाला हवी ती शाळा. पण मग कार्डं आठवली. भावनेच्या भरात भांडार चालत नाही.

गुरुवार, २५ एप्रिल

बटणला ठेवून आलो.

हिला सकाळी सांगितलं की आज तिला शाळेत मी सोडतो. डबा हिनेच भरून दिला. दार लावताना बटणने मागे वळून हात हलवला, रोजच्यासारखा. कुलपं लावली. बस-स्थानकावर पोहोचलो तेव्हा बटणने विचारलं, आपण कुठे चाललोय? मी म्हणालो, गंमत आहे. तिचे डोळे एकदम चमकले. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, तुम्हाला पण सांगितलं आईने? पण मामाकडे तर शनिवारी जायचं होतं ना?"

मी म्हणालो, आज जाऊ. काय बोलते आहे ते मला नीट कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मुलांना वारांचं भान नसतं. बसमध्ये ती मांडीवर डोकं ठेवून झोपली. जागी झाली की विचारायची, आई मागून येणार ना? मी हो म्हणत होतो. फाटकाशी पोहोचल्यावर तिने भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, हे मामाचं घर नाही. एवढंच. रडली नाही. मला वाटलं होतं ओढाताण होईल, म्हणून मी तिचा हात घट्ट धरला होता. बाईंनी तो सोडवून घेतला. त्यांनी विचारलं, दम्याचा पंप एकच का? मी म्हणालो, दुसरा चोरीला गेला.

घरी यायला पाच वाजले. ही दाराच्या आतच उभी होती. माझ्या मागे पाहिलं, जिन्यात पाहिलं, समोरच्या दाराकडे पाहिलं. मी तिला बसवून सगळं सांगितलं. चोराचा डोळा कशावर होता, कार्डांवरून मला कसं कळलं, आता बटण किती सुरक्षित आहे. फक्त शाळेचं नाव सांगितलं नाही. ही ऐकत होती. मग तिने विचारलं, "कुठे आहे ती?" मी म्हणालो, सुरक्षित जागी. तिने पुन्हा तेच विचारलं. मोजलं नाही, पण वीस-पंचवीस वेळा तरी. शेवटी माझ्या पायाशी बसली. मला संकोच वाटला. उठ म्हणालो.

शुक्रवार, २६ एप्रिल

ही जेवली नाही. सकाळी माझा शर्ट, पाकीट, बॅग, सगळं उलटंपालटं करून ठेवलं होतं. प्रवेशाची पावती माझ्या कमरेला, चाव्यांजवळ होती. रागावलो नाही. आईचं काळीज आहे. म्हणालो, पहिले काही महिने मुलांना घरच्यांची सवय सुटू द्यावी लागते, पुढे तुझं वागणं बघून ठरवू. आता हिची आणि या घराची काळजी उरली नाही असं नाही, पण अर्धं ओझं उतरलं.

उद्या वार्षिक मोजणी.

शनिवार, २७ एप्रिल

भांडाराची मोजणी तंतोतंत जुळली, साहेबांनी पाठ थोपटली. साडेपाचला घरी आलो.

तिन्ही कुलपं कापून पायपुसण्यावर ओळीने मांडून ठेवली होती. दार सताड उघडं. ही आत खुर्चीवर बसलेली, दाराकडे तोंड करून, पायांत चपला. टेबलावर एक मोठी निळी पिशवी. उघडून पाहिली तर स्वेटर, मोजे, दाखला, पंप, ससा, सगळं.

हिला विचारलं, किती जण होते, तुला काही केलं का? हिने मान हलवली. समोरच्या दारात दंतवैद्यांची बायको उभी होती. एवढी परोपकारी बाई, पण आज तिचा सूर वेगळाच होता. म्हणाली, "सकाळी दहाला दार उघडलं. खाली टेम्पो दोन तास थांबला होता. ती दोनदा जिन्यापर्यंत आली. दोन्ही वेळा परत आत गेली. भाऊ हातापाया पडला तिच्या. म्हणाली, लेक कुठे आहे ते एकाच माणसाला माहीत आहे, मी गेले तर तो कधीच सांगणार नाही."

तिने आणखीही काही म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. दंतवैद्यांनी तिला आत नेलं.

मला एवढं कळलं की चोर आला, माल परत ठेवून गेला आणि आमची ही जागची हलली नाही. दुसरी कुणी असती तर घर सोडून पळाली असती.

रविवार, २८ एप्रिल

सहाशे चौदा. बटणबरोबर शाळेत गेलेल्या वस्तू कार्डांवर चढवल्या आहेत, त्या धरून पहिल्या दिवशी होत्या तितक्या. मी दोनदा मोजून पाहिलं, मग पत्रकावर सही केली. हिनेही केली, मी बोट ठेवलं तिथे.

अकरा वाजता शाळेतून फोन आला. रविवारी पाच मिनिटं बोलू देतात, माझ्याच नंबरवर. हिला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला आणि फोन माझ्या हातात ठेवला. बटणने मला काही विचारलं नाही. म्हणाली, "आई, तू पोचलीस ना मामाकडे?"

ही म्हणाली, "नाही गं. घरीच आहे."

मग बटण म्हणाली की तिला इथे आवडतं, गादी मऊ आहे, आणि फोन ठेवला. अजून दोन मिनिटं शिल्लक होती.

कुलूपवाला उद्या येणार आहे. तोवर दार नुसतं लोटून घ्यावं लागेल, म्हणून मी हिला तेवढं करायला सांगितलं. ही खुर्चीतून उठली नाही.

"राहू द्या उघडं," म्हणाली. "न्यायचं होतं ते तुम्ही नेलंत."

माणूस दुःखात काहीही बोलतो. मी उठून दार लावलं आणि आतून साखळी घातली.